हिम कोठें पडतें?

चौतीस वर्षांच्या अध्यापनांत ‘हिम’ हा शब्द आम्हीं किती वेळां फळ्यावर लिहिला, याची गणती नाहीं. संस्कृताच्या तासास तुहिन, तुषार, प्रालेय हे पर्याय पाठ करून घ्यावे आणि भूगोलाच्या तासास ‘उंच पर्वतावर हिम पडतें’ एवढ्या वाक्यांत विषय संपवावा, असा आमचा परिपाठ. एकदां एका मुलानें विचारलें, “गुरुजी, शिमल्याची उंची सुमारें २२०० मीटर आणि केरळांतील अनाईमुडीची २६९५. मग अनाईमुडीवर हिम कां नाहीं?” आम्हीं त्यास खालीं बसविलें. उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें, एवढेंच कारण.

गेल्या जानेवारींत सौ.सह शिमल्यास जाण्याचा योग आला. कालक्याहून निघणारी, १९०३ सालीं सुरू झालेली ती चिमुकली आगगाडी ९६ किलोमीटर डोंगर चढते. वळणावळणानें आमच्या पोटाची जी अवस्था झाली, तिचें वर्णन न करणेंच बरें. असो. चार दिवस आकाश निरभ्र. पहाटे अंगणांतील पाणी गोठलेलें असे. पण हिमाचा कण पडेल तर शपथ! शेवटीं एका वृद्ध चहावाल्यानें पश्चिमेकडे हात करून सांगितलें, “तिकडून ढग येऊं द्या, बाबूजी. नुसत्या थंडीनें काय होतें?”

खरेंच होतें तें. हिवाळ्यांत भूमध्य समुद्राकडून निघालेलीं वादळें डिसेंबरपासून मार्चपर्यंत हिमालयास येऊन थडकतात, आणि तींच हें हिम आणतात. काश्मिरांत २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांस ‘चिल्लई कलां’ म्हणतात. तो कडाक्याच्या थंडीचा व हिमाचा ऐन काळ. लेह शिमल्याहून कितीतरी उंच व थंड. परंतु मधल्या पर्वतरांगा ओलावा अडवितात, म्हणून तेथें हिम बेताचेंच. अनाईमुडीची गोष्ट निराळी. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, पाणी गोठण्याइतकी थंड हवा सांपडावयास सुमारें पांच हजार मीटर वर जावें लागतें. मुन्नारकडे हिवाळ्यांतील निरभ्र रात्रीं जमिनीची उष्णता निघून जाऊन दंव गोठतें खरें, पण तें हिम नव्हे. आणि ढग आले कीं ती थंडीच उरत नाहीं.

पांचव्या रात्रीं शिमल्यावर ढग आले. गारांप्रमाणें पत्रे वाजतील म्हणून आम्ही जागे राहिलों; कांहींच ऐकूं आलें नाहीं. पहाटे दार उघडलें तों देवदार पांढरे! सौ.नें ओंजळ भरली. ती शेगडीपाशीं आणीपर्यंत तिचें पाणी झालें.

घरीं परतल्यावर त्या मुलाचा पत्ता मिळविला. आतां तोही चाळिशी उलटलेला गृहस्थ आहे. हें सर्व त्यास सविस्तर लिहून कळविलें. खालीं बसविल्याबद्दलही दोन ओळी लिहिल्या.