थंड इंजिन

जुनी गाडी बघायला सकाळी लवकर जावं आणि मालकाला आधीच बजावावं, मी येईपर्यंत चावी फिरवू नका. तापलेलं इंजिन सगळ्यांशीच गोड बोलतं. चोक ओढून सुरू होताना थंड इंजिन जसं खोकतं, अडखळतं, ते त्याचं खरं बोलणं.

सध्या माझं मन दोन गाड्यांत अडकलंय. एक अँबॅसॅडर, दुसरी प्रीमिअर पद्मिनी. एक इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली, दुसरी इटलीच्या फियाट 1100च्या. पण दोघी इथल्याच झाल्या. अँबॅसॅडर 2014पर्यंत हुगळीकाठच्या उत्तरपाड्यात बनत होती. पद्मिनी वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली.

अँबॅसॅडरचं मागचं दार उघडलं की दिवाणखान्यात आल्यासारखं वाटतं. पाय पसरावेत, गप्पा माराव्यात, गाव कधी आलं कळूही नये. या गाडीला नुकताच पांढराशुभ्र रंग दिलाय. चुंबक फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडेनं फिरवला, तर जागोजागी तो धरेना. म्हणजे तिथं पत्रा उरलेला नाही, लांबी भरलीये. बॉनेटवर हात ठेवला; कोमट लागलं.

लांबी भरलेल्या त्या कडांपाशी मी फार वेळ थांबलो. या दोन्ही गाड्यांना वेगळी चेसिस नसते, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. इंजिन कितीही थकलेलं असो, उतरवून बोअर करता येतं, पिस्टन बदलता येतात. तळच सडला तर ओझं पेलायचं कुणी?

पद्मिनीचा रंग उडालाय. डावीकडचा फुटबोर्ड गंजानं खाल्लाय, चाकामागे बोट जाईल एवढं भोक आहे, पण काहीच झाकलेलं नाही. तिचं 1089 सीसीचं इंजिन जरा वेळ घेऊन सुरू झालं. निळसर धूर आला आणि विरला. व्हॉल्व्हच्या वाटेनं थोडं ऑइल उतरत असावं. धूर तसाच येत राहिला असता तर पिस्टनच्या रिंगांची काळजी होती. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा हातात आला आणि काळी-पिवळी मुंबई आठवली. कॅरिअरवर ट्रंका बांधून माणसं हिच्यातूनच गावाच्या गाडीला जायची, बाळंतीण बाळाला घेऊन हिच्यातूनच चाळीत यायची. ऑक्टोबर 2023मध्ये यातली शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं मला खरोखर वाईट वाटलं होतं.

कागद नीट आहेत. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण वेळच्या वेळी झालंय, आरसी बुकातला नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळतो.

पद्मिनीच घेतोय. आधी फुटबोर्डचा सडका पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, मग चारही चाकांचे ब्रेक उघडायचे, त्यानंतर व्हॉल्व्हचं काम. रंगाचं पुढच्या वर्षी बघू.