ब्रेकातली बचत

आबिड्सच्या टपाल कार्यालयापाशी मालाचे ‘छोटे हाथी’ पावलोपावली थबकतात. २००५ साली अवतरलेल्या या टाटा एसची विजेवरची आवृत्ती २०२२ मध्ये आली. तिचा वेग आवरताना मोटरच जनित्र होते. एरवी ब्रेक तापवून वाया जाणारी ऊर्जा काही अंशी बॅटरीत परतते. आम्ही हिशेब मांडला (सरकारी खोड, दुसरे काय!). १,८०० किलोंची भरली गाडी ताशी ३६ किलोमीटरवरून थांबली, तर ९० किलोज्यूल. सारे हाती लागले तरी असे ४० थांबे म्हणजे विजेचे एक युनिट. वेग निम्मा, की ऊर्जा चौथाई! आबिड्सच्या कोंडीत चालकाच्या पदरी तुटपुंजेच पडणार. आम्हांस मात्र रविवारी पदपथावर जुनी पुस्तके चाळताना थांबल्या गाडीचा धूर नाकात गेला नाही, तरी पुष्कळ.