तूस

दर शनिवारी रात्री साडेनऊला आम्ही पाच मित्र व्हॅलोरंट खेळायला बसतो. समोरही पाच जण. जो संघ आधी १३ फेऱ्या जिंकेल तो विजयी. गेल्या पावसाळ्यात माझ्या पहिल्या दोन-तीन फेऱ्या नीट जायच्या, मग स्क्रीन अडखळायला लागायची. शत्रू क्षणात इथे, क्षणात तिथे, आणि तिसऱ्या क्षणी मी मेलेला. शेवटी एकाने मेसेज टाकला, "थोडे दिवस थांब की. लॅपटॉप नीट झाला की ये." वाईट वाटलं, पण त्याचं चुकलं नव्हतं. माझ्यामुळे सगळेच हरत होते.

हा लॅपटॉप आप्पांनी पतसंस्थेचं कर्ज काढून घेऊन दिलेला. आमचे वडगावात घरातच दोन यंत्रमाग आहेत. आप्पा माग चालवतात, आई कांड्या भरते. हप्ते अजून चालू आहेत. त्यामुळे 'गेम अडकतोय' असं घरी सांगायची सोय नव्हती. मी सांगितलं, "प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर चालत नाही." एका दुकानात दाखवलं, तर न उघडताच तो म्हणाला, "बोर्ड गेलाय. १४ हजार होतील." हा आकडा आप्पांना सांगायचा धीर होईना. म्हटलं, आधी आपणच शोधू.

गेममधली चित्रांची सेटिंग्ज सगळ्यात खाली आणली. फरक नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट केला. नाही. मग गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडला, तेव्हा एक गोष्ट कळली. माझ्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप आहेत. एक प्रोसेसरमधलीच साधी, दुसरी वेगळी आणि ताकदीची. गेम साध्या चिपवर चालत होता आणि ताकदीची रिकामी बसली होती. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'ग्राफिक्स'खाली त्या गेमसाठी 'हाय परफॉर्मन्स' निवडलं. चार्जरही लावून ठेवला, कारण बॅटरीवर असताना लॅपटॉप वीज वाचवायला वेग कमी करतो. सेकंदाला २५ फ्रेम मिळत होत्या, त्या ९० झाल्या. मी उडीच मारली.

दहा मिनिटांनी पुन्हा २५.

पण या दहा मिनिटांनीच खरी खूण दिली. थंड असताना चालतं, तापल्यावर बसतं. तापमान दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर घातलं. प्रोसेसर ९७ अंशांवर! एवढा तापला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे तो बिघडला नव्हता, जीव वाचवत होता.

त्या रात्री आप्पांनी लॅपटॉपला खालून हात लावला. "मोटर तापल्यागत तापलंय की रे. आत तूस बसली असणार." मागाच्या मोटरी ते नेहमी साफ करतात. माझं टेबल मागाच्या खोलीच्या दाराशीच आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारी माग बंद ठेवून आम्ही लॅपटॉप उघडला. आधी बॅटरीची वायर काढली. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे सुताच्या तुसाचा जाड थर, अगदी गादीतल्या कापसासारखा. त्यात हिरवे धागेही होते. आई वाकून म्हणाली, "हे दिवाळीतल्या साड्यांच्या काठाचं." आप्पांनी ब्लोअर घेतला. "पातं बोटानं धर. हवेनं गरागरा फिरलं तर बेअरिंग जातंय."

पातं धरलेलं असतानाच मी बोललो, "आप्पा, प्रोजेक्ट नव्हता. गेम होता."

त्यांनी मान वर केली नाही. "ठाऊक आहे. प्रोजेक्ट करताना कोण 'डावीकडनं ये, डावीकडनं ये' म्हणून ओरडतंय?"

आई हसली. मला मात्र हसू आलं नाही. ज्या तुसात ते दोघं दिवसभर श्वास घेतात, त्याच तुसानं माझा लॅपटॉप दोन वर्षांत गुदमरला होता. आणि मी चौकशी फक्त लॅपटॉपची करत होतो.

आता खेळताना तापमान ८० च्या आसपास राहतं, फ्रेमही ९० वर टिकतात. शनिवारचा संघ पुन्हा पाच जणांचा झाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी मागाच्या दोन्ही मोटरी आणि लॅपटॉप साफ होतात. तिन्ही मीच करतो. साफ करताना तोंडाला रुमाल बांधतो, आणि माग चालू असताना आप्पांनाही बांधायला लावतो. ते बांधतात, तासाभरात काढतात. त्यांच्यासाठीचं सेटिंग अजून सापडलेलं नाही.