भोंग्याच्या टिकटिकीवर बसवलेला ढोल

गेल्या आठवड्यात ढोलाच्या सरावावरून मला चौदा फोन आले. नऊ मैदानाशेजारच्या कॉलनीतून, "भाऊ, हे थांबवा" म्हणून. बाकीचे पथकातल्या पोरांच्या आईबापांचे, "सराव बंद पडणार का हो?" म्हणून. दोघांचं ऐकून घेतलं आणि सलग चार संध्याकाळी नगरपालिकेच्या मैदानावर जाऊन बसलो. बातमीत मावत नाही, म्हणून इथे लिहितोय. जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

ढोल आपल्या गावाला नवा नाही. नवा आहे तो भोंगा. यंदा पथकाने स्टेजवर मोठा स्पीकर लावलाय. मोबाईलमधल्या मेट्रोनोम अ‍ॅपची टिकटिक त्यातून येते आणि तिच्यावर माइक घेऊन पथकप्रमुख मोजतो, एक-दोन-तीन-चार. सत्तर ढोल, वीसेक ताशे, झांजा वेगळ्या. या सगळ्यांच्या वर ती टिकटिक ऐकू यायची म्हणजे आवाज किती ठेवावा लागत असेल, अंदाज करा. कॉलनीतल्या एक काकू म्हणाल्या, ढोलाची सवय आहे हो आम्हाला, पण रात्री अंथरुणावर पडलं तरी कानात एक-दोन-तीन-चार चालू राहतं.

पथकप्रमुखाची बाजूही खरी आहे. पूर्वी एक पोरगं चार-पाच वर्षं टिकायचं, थोरल्याच्या शेजारी उभं राहून शिकायचं. आता दहावी-बारावी, क्लासेस, मग पुण्याला नोकरी. दरवर्षी निम्मं पथक कोरं. हातात दीड महिना, त्यात पाऊस. मागच्या वर्षी मेन रोडला पुढचे आणि मागचे वेगळे पडले आणि त्याचा व्हिडिओ गावभर फिरला. त्यावर उपाय म्हणून त्याने यंत्र आणलं. मी त्याला नावं ठेवणार नाही. पहिल्या आठवड्यात नवख्या हाताला ठोका कुठे पडतो हे कळायला यंत्रासारखा मास्तर नाही. ते थकत नाही, चिडत नाही आणि ओळखीच्या पोराला सूट देत नाही.

पण तिसऱ्या संध्याकाळी लाइट गेली. स्पीकर बंद, ढोल चालूच. मिनिटभरही टिकलं नाही. डावी बाजू पुढे पळाली, मागच्या रांगा रेंगाळल्या, ताशेवाले एकमेकांची तोंडं बघायला लागले. प्रमुख म्हणाला, "बघितलंत ना भाऊ? म्हणून लागतो स्पीकर." मला नेमकं उलटं वाटलं. तीन आठवड्यांच्या सरावानंतर सत्तर ढोल एका मिनिटात विस्कटतात, म्हणजे पोरं एकमेकांना ऐकायला शिकलीच नाहीत. ती भोंग्याला ऐकायला शिकलीत. आणि विसर्जनाच्या दिवशी मेन रोडला भोंगा नसणार. असलाच तर तो शेजारच्या मंडळाचा डीजे असेल, वेगळ्याच गतीचा.

यात शाळेतलं थोडं विज्ञान आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग. मिनिटाला १२० ठोके धरले तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, त्यामुळे हा दहावा भाग कानाला सहज खटकतो. आता आपलं पथक बघा. पहिली रांग स्पीकरपाशी, शेवटची तीस-पस्तीस मीटर मागे, पाण्याच्या टाकीकडे. शेवटच्या पोराने टिकटिक ऐकून अगदी चोख ठोका मारला, तरी तो पहिल्या रांगेपेक्षा दहावा भाग उशिरा. त्याचा ढोल पुढे पोचायला आणखी तेवढाच वेळ. पुढच्याला वाटतं मागचे ओढतायत, मागच्याला मात्र टिकटिक आणि पुढचा ढोल एकाच वेळी येतात, त्यामुळे सगळं जुळल्यासारखं वाटतं. दोघंही बरोबर! सगळे प्रामाणिकपणे यंत्र पाळतात आणि म्हणूनच वेगळे पडतात.

अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांचे मार्चिंग बँड या भानगडीतून कधीच गेलेत. त्यांचं फुटबॉलचं मैदान शंभर यार्डांचं, म्हणजे ९१ मीटर. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला जायला पाव सेकंदाहून जास्त. सरावात तेही स्पीकरवर मेट्रोनोम लावतात, पण बहुतेकदा सगळ्यांच्या मागे ठेवतात. मागचा जे वाजवतो ते आणि टिकटिक एकाच वेळी पुढे पोचतं, पुढच्याने फक्त मागून येणाऱ्या आवाजाशी जुळवायचं. आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात यंत्र नसतं. मागे असलेले तालवाले समोरच्याच्या हाताकडे बघतात, पुढचे मागच्यांना ऐकतात. डोळ्याला उशीर लागत नाही, कानाला लागतो. सगळी युक्ती एवढीच.

आपल्याकडे हे काम ताशा करतो. ताशेवाले मधोमध घेतले की दोन्हीकडचं अंतर निम्मं होतं, आणि मागच्या रांगेने म्होरक्याच्या हातावर नजर ठेवायची. शिवाय ढोल-ताशाची लय एकाच जागी थांबत नाही. संथ सुरुवात, मग ताशा हळूहळू चढवत नेतो. गर्दीच्या अंगावर काटा येतो तो त्या चढण्याने. अ‍ॅपवर १०० लावून ठेवलं की ते रात्री नऊपर्यंत १०० च. चौथ्या दिवशी एका ताशेवाल्या पोरीने लय वाढवून बघितली. माइकवरून लगेच आवाज आला, "ताशा, टिकटिक बघ!" ती गप्प बसली. मला विचाराल तर त्या मैदानात एकटी तीच मिरवणुकीची तयारी करत होती.

मोजण्याचंही तसंच. कॉलेजात मी एनसीसीत होतो. तेज चालीला मिनिटाला १२० पावलं, पाऊल ३० इंचाचं. सुरुवातीला उस्ताद आमच्याकडूनच मोठ्याने मोजून घ्यायचे, आमचे घसे बसायचे. पण दोन आठवड्यांनी मोजणी बंद. मग फक्त टाचांचा आवाज. स्वतःच्या तोंडाने ओरडत असलात की शेजारच्याची टाच ऐकूच येत नाही, हे मला तिथे कळलं. पुढे २६ जानेवारीच्या संचलनात कुणी मोजत नव्हतं, बँडचा मोठा ड्रम आणि पाय.

आणि मोजायचंच तर आकडेच का? तबला शिकणारं पोर आधी बोल म्हणतं, हाताने टाळी-खाली देतं, मग वाजवतं. "तीन" म्हटल्याने तिसरी मात्रा आली एवढंच कळतं. त्या जागी काय वाजवायचं, हे बोलात असतं. आपल्या गावातले जुने ताशेवाले काड्या हातात न घेता तोंडाने अख्खा ताशा वाजवून दाखवायचे. त्यातले दोघं अजून आहेत. एकाची पानाची टपरी मैदानापासून शंभर पावलांवर आहे. त्यांना यंदा कुणी बोलावलेलं नाही.

आता ठाण्यातल्या अर्जाबद्दल. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, ती पथकाकडे नाही. अर्जात मुख्य तक्रार भोंग्याचीच आहे. पण एकदा कारवाई झाली की ती नुसत्या भोंग्यावर थांबेल, याची खात्री कोण देणार? २०२४ मध्ये हरित न्यायाधिकरणाने पुण्यात एका पथकात ढोल-ताशे-झांजा मिळून तीसचीच मर्यादा घातली होती. पुण्याची पथकं थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि स्थगिती आणली. आपल्याकडे पथकाची वर्गणी कापड आणि पानं बदलण्यात संपते. आपण कुठल्या कोर्टात जाणार?

काकूंचं म्हणणं आणि पोरांचं भलं इथे एकाच बाजूला आहे, हे दोन्ही गटांच्या लक्षात आणून द्यायचंय. टिकटिक हवीच असेल तर म्होरक्या ताशेवाल्याच्या एका कानात इअरफोन घाला, बाकीच्यांनी त्याच्याकडे बघावं. नवख्यांना पहिले दहा दिवस दहा-दहाच्या गटात, छोट्या आवाजावर बसवा. त्यानंतर रोज निदान अर्धा तास यंत्राशिवाय, आणि तोही चालत, कारण मिरवणूक उभ्याने निघत नाही. पहिले चार दिवस फार वाईट वाजेल. कॉलनीने तेवढं सहन करावं, भोंग्यापेक्षा ते परवडेल.

गुरुवारी संध्याकाळी सहाला ठाण्यात दोन्ही बाजूंना बोलावलंय. मीही जाणार आहे आणि पानटपरीवाल्या काकांना सोबत घेऊन जाणार आहे. यायला ते कबूल झालेत, फक्त त्या वेळी टपरी कोण सांभाळणार एवढा प्रश्न आहे. पालकांनी त्याआधी एकदा मैदानावर जावं. मागे टाकीजवळ नाही, स्टेजपाशी उभं राहावं आणि टिकटिक कधी ऐकू येते, मागचा ढोल कधी, ते स्वतःच्या कानाने बघावं. मोबाईलवर रेकॉर्ड केलंत तर बुधवारपर्यंत मला पाठवा, ठाण्यात ऐकवता येईल.