‘सक्सेस’ आलं, पण कशाचं?

महाडच्या एमआयडीसीत प्रेशर ट्रान्समीटरची कामं करणाऱ्याला दोन तारांवर विश्वास ठेवावा लागतो. त्यांतून ४ ते २० मिलिअ‍ॅम्पिअर करंट वाहतो आणि त्याच करंटवर हार्ट प्रोटोकॉलचं बोलणं चालतं: १२०० हर्ट्झचा सूर म्हणजे एक, २२०० चा म्हणजे शून्य. वेग सेकंदाला १२०० बिट. आजच्या पोरांना हसू येतं, पण डिस्टिलेशन कॉलमच्या दाबाला त्याहून घाई नसते.

आज्ञा दिली की ट्रान्समीटर उत्तर देतो आणि त्या उत्तरात स्थितीच्या दोन बाइट असतात. आज्ञा मानली की नाही, हे पहिलीत कळतं. दुसरीत त्याची तब्येत असते: सेटिंग बदललंय, करंट एका जागी बांधलेला आहे, दाब मर्यादेबाहेर आहे. हॅन्डहेल्डवर ‘सक्सेस’ उमटलं की बहुतेक जण पुढच्या टॅगकडे निघतात. लूप तपासताना करंट १२ वर बांधला आणि सोडायचा राहिला, तर कंट्रोल रूममध्ये सरळ रेष दिसते. प्रोसेस किती स्थिर चाललीय म्हणून ऑपरेटर खूश! बिचारा ट्रान्समीटर मात्र दर उत्तरात करंट बांधलेला असल्याचं सांगत असतो.

खरी गंमत शून्याची. ३७ नंबरच्या आज्ञेने आत्ताचा दाब हा मोजपट्टीचा आरंभ ठरतो. ४३ ने आत्ताचा दाबच शून्य ठरतो. दोन्हींनंतर करंट चारच दिसतो, म्हणून घाईत कुठलीही चालते असं वाटतं. पण ३७ ने फक्त पट्टी सरकते. ४३ ने दाबाबद्दलची ट्रान्समीटरची समजूतच बदलते.

“दादा, झिरो मारून टाकू?” असं शिकाऊ पोरगा विचारतो तेव्हा मी आधी व्हेंट बघायला लावतो. गेज ट्रान्समीटर बाहेरच्या हवेशी तुलना करून दाब सांगतो. ती हवा आत जायचं भोक कुंभारीण माशीने मातीने लिंपलं, की आकडा हवामानाबरोबर हिंडायला लागतो. सवच्या बाजूला सावित्रीत बुडवलेल्या पातळीच्या सेन्सरचं दुखणं आणखी किचकट. तिथे खाडीची भरती नदीत चढते, त्यामुळे आकडा हलला तर पाणी हललं की सेन्सर, हे पटकन उमगत नाही. केबलमधली हवेची नळी दमट होऊन तुंबली, तर हवेच्या दाबातला एक हेक्टोपास्कलचा फरकही साधारण एक सेंटिमीटर पाणी होऊन दिसतो. जुलै २०२१ च्या पुरानंतर उघडलेल्या जंक्शन बॉक्समध्ये गाळच गाळ होता. अशा वेळी झिरो मारणं म्हणजे ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर झटकून त्याला कामावर पाठवणं.

कधी ट्रान्समीटर स्वतःच नकार देतो. अ‍ॅब्सोल्यूट ट्रान्समीटर उघड्या हवेत ठेवून ४३ दिली, तर उत्तर येतं: लावलेला दाब जास्त आहे. बरोबरच आहे. त्याचं शून्य निर्वातात. महाडच्या हवेत तो हजारेक हेक्टोपास्कल दाखवणार; पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून त्याला महाबळेश्वरला नेलं तर दीडेकशेने कमी. पोरांना हा नकार ‘एरर’ वाटतो. मला तो सगळ्यात शहाणा प्रतिसाद वाटतो.

आणि समजा व्हेंट साफ, नळ्या मोकळ्या, ठरलेल्या वजनांनी दाब देणारा डेड वेट टेस्टर टेबलावर. वजनं प्रमाण गुरुत्वाला, म्हणजे ९.८०६६५ ला, जुळवलेली असतात. आपल्या अक्षांशाला ते सुमारे ९.७८५ भरतं. म्हणजे वजनावर १० बार लिहिलेलं असलं, तरी महाडात दाब ९.९७८ च्या आसपास. चांगला ट्रान्समीटर ९.९७८ दाखवतो, आपण त्याला खोटा ठरवून ट्रिम करतो, तोही निमूट १० म्हणायला लागतो आणि वर ‘सक्सेस’ कळवतो. ०.१ टक्का अचूकतेच्या वस्तूत आपणच ०.२ टक्के चूक भरलेली असते. म्हणून वजनांच्या पेटीच्या झाकणावर मी ९.७८५ लिहून ठेवलंय, आणि फॉर्मवरचा ‘अ‍ॅज फाउंड’चा, म्हणजे हात लावण्याआधीच्या आकड्याचा, रकाना भरल्याशिवाय हॅन्डहेल्ड कुणाच्या हाती देत नाही.