आजारी नसताना डॉक्टरकडे

दरवर्षी ऑफिसचं हेल्थ चेकअप असतं. सकाळी उपाशीपोटी जायचं, रांगेत बसून रक्त द्यायचं, कंपनीच्या खर्चाने इडली-चटणी खायची आणि धावतपळत हिंजवडी गाठायचं. तिथे एक फॉर्म भरून घेतात. नाव, वय, अ‍ॅलर्जी... आणि एक रकाना असतो, 'फॅमिली डॉक्टर'. तीन वर्षं मी तिथे झोकात आडवी रेघ मारत होते.

खरं तर मी सांगलीची. आमच्याकडे 'आमचे डॉक्टर' म्हणजे जवळजवळ घरातलंच माणूस. दवाखान्यात लाकडी बाकडं, काचेच्या बाटलीत लाल औषध, बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी. ताप मला असायचा आणि डॉक्टर आईला विचारायचे, "आजींचा गुडघा काय म्हणतोय?" तेव्हा वाटायचं, गप्पाच मारतात नुसते!

पुण्यात नोकरी लागली आणि मीच माझी डॉक्टर झाले. पोट दुखलं की गॅस्ट्रो, केस गळले की स्किन स्पेशालिस्ट, मान आखडली की ऑर्थो. अ‍ॅपवर रेटिंग बघायचं आणि अपॉइंटमेंट घ्यायची. अगदी रविवारच्या जेवणासाठी हॉटेल निवडावं तसं. प्रत्येक ठिकाणी नवी फाईल आणि प्रत्येकाला आपली गोष्ट पहिल्यापासून.

मग गेल्या हिवाळ्यात डोकं दुखायला लागलं. चष्म्याचा नंबर तपासला, उशी बदलली, मानेचे व्यायाम झाले. शेवटी घरमालकीणकाकू वैतागून म्हणाल्या, "अगं, आमच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन ये एकदा."

कोथरूडच्या एका गल्लीत दोन खोल्यांचा दवाखाना. बाई पन्नाशीच्या पुढच्या. त्यांनी आधी मला पाच मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, बोलायचं नाही. "चहा-कॉफी घेऊन लगेच आलात का?" हेही विचारलं. मग दोनदा बीपी बघितलं. १४६-९४.

"जुने रिपोर्ट आहेत?"

आहेत की! ईमेलमध्ये पडून होते, तिन्ही वर्षांचे. बाईंनी ते शेजारी शेजारी मांडले. बीपी आधी १२८-८४, मग १३४-८८, मग १३८-९०. गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी ५.५, ५.७, ६.०. एकाही आकड्याला मी कधी घाबरले नव्हते. "थोडं बॉर्डरलाईन आहे" म्हणत रिपोर्ट बंद करायचे, बस्स. पण तिन्ही कागद एका ओळीत आल्यावर चढण स्पष्ट दिसत होती. तपासण्या वेळच्या वेळी झाल्या होत्या. त्या एकत्र वाचणारं मात्र कोणीच नव्हतं.

"मग डोकं याच्यामुळे दुखतंय?" मी घाबरत विचारलं.

"बहुधा नाही. ते स्क्रीन आणि अपुरी झोप. बीपी सहसा काही सांगत नाही, हाच त्याचा त्रास आहे. वडिलांना कितव्या वर्षी सुरू झालं?"

मला माहीतच नव्हतं. तिथूनच बाबांना फोन लावला. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "पस्तिशीत सांगितलं होतं डॉक्टरांनी. गोळी चार महिने घेतली. बरं वाटत होतं, सोडून दिली." माझ्या वयाच्या चौतिसाव्या वर्षी मला हे पहिल्यांदा कळत होतं! बाबांना सत्तावन्नाव्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. आजही ते डाव्या हाताने शर्टाचं बटण लावू शकत नाहीत. आम्ही सगळे त्याला नशीब म्हणत होतो.

बाईंनी लगेच गोळी दिली नाही. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून लिहायला लावलं. घरच्या मोजणीत सरासरी १३५-८५च्या पुढे गेली तर ती जास्त धरतात. माझी गेली. लघवी, क्रिएटिनिन, ईसीजी करून घेतलं, कारण तरुण वयातल्या बीपीमागे कधी कधी किडनीचं दुखणं असतं. सुदैवाने तसं काही निघालं नाही. मग विचारलं, "मुलाचा विचार आहे का इतक्यात?" मी चमकलेच. पण बीपीच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. चार स्पेशालिस्ट झाले, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांचा दोष नाही म्हणा. मी प्रत्येकाला माझा एकेक तुकडाच दाखवत होते.

आता मैत्रिणी विचारतात, असा डॉक्टर शोधायचा कसा? माझे निकष साधे आहेत. दवाखाना घराजवळ हवा, अंगात ताप असतानाही पोचता येईल इतका. बोलणं पूर्ण ऐकून घेणारा हवा. साध्या व्हायरल तापाला अँटिबायोटिक मागितलं तर "गरज नाही" म्हणणारा हवा, आणि आपल्या आवाक्याबाहेरचं असेल तेव्हा स्पेशालिस्टकडे पाठवणाराही. प्रिस्क्रिप्शनवर रजिस्ट्रेशन नंबर बघा. आणि मुख्य म्हणजे पहिल्यांदा जाल ते ठणठणीत असताना जा. जुने रिपोर्ट आणि आई-बाबांच्या आजारांची यादी घेऊन. तिशीनंतर बीपी आणि साखर, मुलींनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी, दर दहा वर्षांनी धनुर्वाताचं इंजेक्शन... कधी काय करायचं, हे आपल्याला ओळखणारा माणूस सांगतो. पॅकेज सगळ्यांना एकच असतं.

माझी छोटी गोळी चालू आहे. पापड-लोणचं कमी झालं, लॅपटॉप अकराला बंद होतो. बीपी १२६-८०. बाई आता 'अहो'वरून 'अगं'वर आल्या आहेत आणि दर वेळी विचारतात, "बाबांचा हात कसा आहे?"

परवा धाकट्या भावाला फोन केला. बेंगळुरूला असतो, वय एकोणतीस.

"बीपी कधी मोजलंस?"

"मला काय झालंय? एकदम फिट आहे मी."

"बाबाही असंच म्हणायचे," मी म्हटलं.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "इथे घराजवळ एक दवाखाना आहे. शनिवारी जातो."