लिपी नसलेला आवाज : अमीन सयानी आणि ‘गीतमाला’

१/
बुधवार, ३ डिसेंबर १९५२. कोलंबोहून निघालेल्या लघुलहरींवर मुंबईच्या एका तरुणाचा आवाज भारतातील घरांत पोहोचला. त्याला वीस वर्षे पूर्ण व्हायला अजून अठरा दिवस होते. कार्यक्रमाचे नाव ‘बिनाका गीतमाला’, निवेदकाचे नाव अमीन सयानी. पुढील चार दशके हा आवाज देशाच्या ओळखीचा राहिला. त्याच्या कारकिर्दीचा हा धागा. यात एका पराभूत भाषेचाही इतिहास आहे.

२/
सुरुवात त्यांच्या आईपासून करावी लागते. कुलसुम सयानी या मुंबईतील प्रौढ साक्षरतेच्या चळवळीतील अग्रणी कार्यकर्त्या. त्यांचे वडील डॉ. रजबअली पटेल यांचा महात्मा गांधींशी आणि मौलाना आझादांशी वैद्य म्हणून निकटचा संबंध होता. १९४०च्या सुमारास कुलसुमबेननी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक सुरू केले. रहबर म्हणजे वाट दाखवणारा. नुकतीच अक्षरओळख झालेल्या प्रौढांना वाचायला काहीतरी सोपे हवे, हा त्यामागचा साधा हेतू होता.

३/
‘रहबर’चे वैशिष्ट्य असे की ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती या तीन लिप्यांत निघे. भाषा मात्र तिन्हींत एकच : बोलचालीची हिंदुस्तानी. हिंदी आणि उर्दू यांना जवळ आणण्याच्या या कार्याला गांधीजींचा आशीर्वाद होता. त्या पाक्षिकाच्या कामात आईला हातभार लावत लहानगा अमीन वाढला. घरात गुजराती, शाळा-महाविद्यालयात इंग्रजी आणि आईच्या टेबलावर हिंदुस्तानी, असे ते भाषिक पर्यावरण होते.

४/
नेमक्या याच वर्षांत हिंदुस्तानीचा राजकीय पराभव झाला. जुलै १९४७मध्ये संविधान सभेतील काँग्रेस सदस्यांच्या बैठकीत हिंदीला ६३ आणि हिंदुस्तानीला ३२ मते पडली. फाळणीच्या छायेत झालेल्या त्या मतदानानंतर दोन लिप्यांच्या सामाईक भाषेचा आग्रह क्षीण होत गेला. १४ सप्टेंबर १९४९ रोजी देवनागरीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा ठरली. तोवर गांधीजींची हत्या होऊन दीड वर्ष उलटले होते. कागदावरचा प्रश्न तिथे संपला.

५/
अमीन यांचे थोरले बंधू हमीद सयानी हे इंग्रजी निवेदनातील मोठे नाव. त्यांच्यामुळे अमीन लहानपणीच आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील इंग्रजी कार्यक्रमांत बोलू लागले. पुढे त्यांनी हिंदी निवेदक होण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना नकार मिळाला. उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची छटा फार आहे, असे कारण देण्यात आल्याचे ते स्वतः मुलाखतींत सांगत. ज्यांच्या हिंदुस्तानीवर पुढे देश लुब्ध झाला, त्यांची सुरुवात अशी होती.

६/
दिल्लीत १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे एका मराठी माणसाकडे आली. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, जन्म पुण्याचा. चित्रपटसंगीताने जनतेची अभिरुची बिघडते, हे त्यांचे ठाम मत. गाण्यांचा वेळ कमी झाला, निवड कडक झाली आणि चित्रपटाचे नाव जाहीर करणे ही जाहिरात ठरवून बंद करण्यात आले. संतापलेल्या निर्मात्यांनी ध्वनिमुद्रिका वाजवण्याचे परवाने मागे घेतले. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली.

७/
केसकरांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण अपुरे. संस्थाने विलीन झाल्यावर शास्त्रीय कलावंतांचा आश्रय नाहीसा झाला होता. त्यांना रेडिओवर स्थान आणि उत्पन्न देणारे धोरण केसकरांनीच राबवले. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रेडिओ संगीत संमेलन त्यांच्या काळातले. १९५५-५६ मध्ये ‘गीतरामायण’ घराघरांत पोहोचवणारे पुणे केंद्रही याच आकाशवाणीचे. मात्र मुस्लिम घराण्यांच्या हाती संगीताचे शास्त्र लोपले, ही त्यांची भूमिकाही नोंदवायला हवी. शुद्धतेच्या त्यांच्या कल्पनेत ‘रहबर’ची मिश्र भाषा बसणे अवघड होते.

८/
आता कोलंबोकडे. दुसऱ्या महायुद्धात लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी सिलोनमध्ये बलाढ्य लघुलहर प्रक्षेपक उभारला होता. युद्ध संपल्यावर तो सिलोन सरकारच्या हाती आला. १९५०च्या सुमारास क्लिफर्ड डॉड या ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा सुरू झाली. सैन्यासाठी बांधलेल्या त्या यंत्रणेला भारतासारखी प्रचंड बाजारपेठ सहज ऐकू येत होती. केसकरांनी रिकामी केलेली जागा तिने भरून काढली.

९/
लघुलहरींचे गमक असे की त्या आकाशातील आयनीभूत थरावरून परावर्तित होतात आणि हजारो किलोमीटर दूर उतरतात. सीमा, जकात, सरकारी धोरण यांपैकी काहीही त्यांना अडवत नाही. गाणी मुंबईची, गायक मुंबईचे, निवेदकही मुंबईचा. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने कोलंबोला जात आणि तेथून आवाज पुन्हा भारतात येई. खर्च उचलणारी सीबा कंपनी होती स्वित्झर्लंडची, आणि तिची वस्तू होती बिनाका टूथपेस्ट.

१०/
पाश्चात्त्य गाण्यांचा ‘बिनाका हिट परेड’ आधीच गाजत होता. तशाच हिंदी कार्यक्रमाची कल्पना निघाली तेव्हा संहिता लिहिणे, निर्मिती, निवेदन आणि पत्रांची छाननी या सगळ्यांसाठी आठवड्याला २५ रुपये देऊ केले गेले. एवढ्या पैशांत अनुभवी माणूस मिळेना, म्हणून काम नवख्या अमीन यांच्याकडे आले. सुरुवातीचे स्वरूप स्पर्धेचे होते : सात गाणी ऐकायची, ती कालानुक्रमे लावायची आणि शंभर रुपयांचे बक्षीस जिंकायचे.

११/
चाळीस-पन्नास पत्रे येतील, असा अंदाज होता. सयानी यांच्याच सांगण्यानुसार पहिल्या कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला ६५,००० पर्यंत गेला. इतकी उत्तरे तपासणे अशक्य झाले. म्हणून १९५४ साली स्पर्धा सोडून लोकप्रियतेनुसार गाण्यांची क्रमवारी सुरू झाली. भारतातील चित्रपटसंगीताची पहिली नियमित क्रमवारी अशी टपालाच्या ओझ्यातून जन्मली.

१२/
क्रमवारी ठरवायची कशी? प्रथम मोठ्या दुकानांतील ध्वनिमुद्रिकांची विक्री पाहिली जाई. त्यात एक खोट होती. एखादे गाणे इतके खपे की त्याच्या तबकड्याच संपत. मग पुढच्या आठवड्यात विक्री शून्य आणि गाणे खाली. उपाय म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मते जोडली गेली. हे संघ दर आठवड्याला आपली यादी पाठवत. ज्या काळात अभिरुची दिल्लीत ठरत होती, त्या काळात पोस्टकार्डावर चाललेले हे मतदान होते.

१३/
आता त्या निवेदनाच्या भाषेकडे पाहू. आरंभ ‘बहनो और भाइयो’ असा. बहिणींचा मान आधी. क्रमांकासाठी शब्द ‘पायदान’, म्हणजे पायरी. अव्वल गाणे ते ‘सरताज’. फारसी आणि देशी शब्द एकाच वाक्यात शेजाऱ्यांसारखे नांदत. आकाशवाणीच्या बातम्यांची हिंदी तेव्हा इतकी संस्कृतनिष्ठ होती की खुद्द पंतप्रधान नेहरूंनाही ती जड वाटे. सयानींचे वाक्य मात्र नुकते साक्षर झालेल्या प्रौढालाही कळावे असे. ‘रहबर’ची कसोटीच ती होती.

१४/
पत्र पाठवणाऱ्यांची नावे आणि गावे रेडिओवर वाचली जाण्याच्या त्या काळात फर्माइशींनी झुमरी तलैया हे नाव देशभर पोहोचवले. अभ्रकाच्या खाणींसाठी ओळखले जाणारे ते गाव आज झारखंडमध्ये आहे. अनेकांना तर ते काल्पनिकच वाटे. नकाशात ज्याची दखल नाही, अशा गावातील माणसालाही आपले नाव कोट्यवधी लोकांसमोर उच्चारले जाऊ शकते, हे प्रथमच कळले. पोस्टातून परवाना काढून रेडिओ घेणाऱ्या घरांत बुधवारच्या रात्री आठला शेजारीही येऊन बसत.

१५/
दिल्लीला माघार घ्यावी लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि चित्रपटगीते आकाशवाणीवर परतली. मंत्री तेव्हाही केसकरच होते. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथे जाहिरातीही स्वीकारल्या जाऊ लागल्या. अखेर १९८९ साली खुद्द ‘गीतमाला’ विविध भारतीवर आली. ज्या संस्थेने सयानींचे उच्चार नाकारले होते, तिनेच त्यांना मानाने बोलावले. तिथे कार्यक्रम १९९४ पर्यंत चालला.

१६/
या यशाच्या मर्यादाही पाहायला हव्यात. हा आवाज एका कंपनीचा माल विकण्यासाठी होता. क्रमवारीत गाणे चढवण्यात ज्यांचा फायदा होता, त्यांचा दबाव संपणारा नव्हता. शिवाय हिंदी चित्रपटाची सद्दी वाढवण्यात ‘गीतमाले’चा वाटा मोठा असल्याने प्रादेशिक भाषांतील गाण्यांना या मंचावर जागा नव्हती. जोडणाऱ्या भाषेलाही सावली असते. तिच्या सावलीत इतर भाषांनी आपापली वाट काढायची असते.

१७/
तरीही मूळ प्रश्न उरतोच : जी भाषा मतदानात हरली, ती लोकांच्या कानांत कशी जिंकली? छापील मजकुराला लिपी निवडावी लागते आणि लिपी निवडली की गट पडतात. त्यावर उपाय म्हणून कुलसुमबेन एकच मजकूर तीनदा छापत. मुलाला ती अडचण आली नाही. उच्चारलेले वाक्य देवनागरीत आहे की उर्दूत, हे कोण सांगणार? रेडिओला लिपीच नसते. आईने तीन लिप्यांत जे साधू पाहिले, ते मुलाला एकाही लिपीविना साधले.

१८/
कुलसुम सयानी यांना १९६० मध्ये पद्मश्री मिळाली. अमीन सयानी यांना २००९ मध्ये. त्याच वर्षी, १९६० साली, ‘रहबर’ बंद पडले होते आणि ‘गीतमाला’ ऐन भरात होती. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत, वयाच्या ९१व्या वर्षी अमीन सयानी यांचे निधन झाले. जुन्या ध्वनिफिती आजही ऐकता येतात. ऐकताना गाण्यांइतकेच गाण्यांमधल्या वाक्यांकडे लक्ष द्यावे. एका साक्षरता पाक्षिकाची भाषा तिथे अजून बोलते आहे.

(समाप्त)